डॉक्टर हू, दादा आणि लेकीचा प्रश्न: "मग मी बघते ते खोटं का?"

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या ठाण्याच्या, आता नवरा आणि दहा वर्षांच्या लेकीबरोबर कार्डिफला राहतात. त्या आणि त्यांचा मोठा भाऊ, दोघं ‘डॉक्टर हू’चे (डॉक्टर नावाचा परग्रहावरचा माणूस काळातून फिरतो आणि मरायची वेळ आली की चेहरा बदलून नवा होतो, त्या बीबीसीच्या सिरीजचे) जुने फॅन. आधी २००५ नंतरचे सीझन बघितले, मग मागे जाऊन टॉम बेकर डॉक्टर होता त्या काळातले. दादाने एक जाड वही केली होती, त्यात कुठला डॉक्टर कधी बदलला, डॉक्टरच्या ग्रहावर, गॅलिफ्रेवर, काय झालं, कुठल्या एपिसोडमध्ये काय सांगितलं, सगळं तारखांसकट. २०१३ चा पन्नाशीचा स्पेशल बघताना दोघं रडले होते. अभिनेत्री जोडी व्हिटेकर डॉक्टर झाली तेव्हाही दादाने २०१८ चा सीझन आवडीने बघितला. पण १ मार्च २०२० चा ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ (डॉक्टर मुळात दत्तक आहे हे सांगणारा एपिसोड) बघितला आणि वही बंद केली. तेव्हापासून "हे कॅनन नाही" (कॅनन म्हणजे सिरीजची अधिकृत धरलेली गोष्ट) एवढंच म्हणतो, पुढचं काही बघत नाही. ताईंना ते एपिसोड आवडले, त्यामुळे फोनवर दर वेळी वाद. ताईंनी एकदा चिडून "कॅनन वगैरे काही नसतं रे" म्हटलं, त्यावर महिनाभर अबोला. नवऱ्याचं म्हणणं, दादाला बाई डॉक्टर चालत नाही आणि बाकी सगळी कारणं. आणि आता दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर लेक मामाला कौतुकाने म्हणाली की डॉक्टर पण दत्तक आहे, तर मामा म्हणाला, "ते खोटं आहे, ते मोजायचं नाही." रात्री लेकीने आईला विचारलं, "मग मी बघते ते खोटं का?" ताई विचारतात: बरोबर कोण, अशी काही अधिकृत यादी आहे का, आणि घरात हा विषय बंदच करून टाकावा का?

ताई,

आधी यादीचं सांगून टाकते म्हणजे तो मुद्दा बाजूला होईल. अशी यादी नाही. बीबीसीने आजवर कधीच ठरवून दिलेलं नाही की हे एपिसोड मोजायचे आणि हे नाही, त्यामुळे दादाकडे दाखवायला कागद नाही आणि तुमच्याकडेही नाही. पण तुमचा खरा प्रश्न यादीचा नाहीये असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं, कारण यादी असती आणि ती तुमच्या बाजूने असती तरी दादाने वही उघडली असती का? नसती उघडली.

आता "हे आधीच्याशी जुळत नाही" या दादाच्या मुद्द्याकडे बघू, कारण तो त्याला सगळ्यात पक्का वाटतो आणि मला तोच सगळ्यात कच्चा वाटतो. ही सिरीज २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली (पहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं), तेव्हा डॉक्टर कोण, कुठला, हे लिहिणाऱ्यांनाही ठरवायचं नव्हतं. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना म्हणून चेहरा बदलायची युक्ती निघाली, आणि तेव्हा तिला रीजनरेशन हे नावसुद्धा नव्हतं, ते १९७४ मध्ये आलं. डॉक्टरच्या जातीचं टाइम लॉर्ड हे नाव १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’मध्ये, दोन हृदयं १९७० मध्ये, गॅलिफ्रे हे नाव १९७३ च्या डिसेंबरात. म्हणजे आज ज्याला आपण मूळ नियम म्हणतो ते सगळे दहा वर्षांत एकेक करून, गरज पडेल तसे, मध्येच घुसवलेले आहेत. त्यात एखादी भर तरी अशी आहे का की त्या दिवशी कुणीतरी म्हणालं नसेल, हे तर आधी नव्हतं?

दादाला डॅलेक, डॉक्टरचे जुने शत्रू, आवडत असणार, आणि ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’ तर त्याच्या वहीत पानंच्या पानं असेल. ती गोष्ट १९७५ ची, लिहिली टेरी नेशन यांनी. पण डॅलेक कसे झाले ते याच टेरी नेशन यांनी आधी १९६३-६४ मध्ये सांगितलेलं होतं आणि ते वेगळं होतं, तिथे डॅलेकांचे पूर्वज डाल नावाचे लोक होते, शिक्षक आणि विचारवंत, आणि थाल लढवय्ये. १९७५ मध्ये डाल गेले, कॅलेड आले, आणि डाव्ह्रॉस नावाचा शास्त्रज्ञ आला ज्याने सगळं मुद्दाम घडवलं. लेखकाने स्वतःचंच लिहिलेलं पुसलं आणि आज निम्मे जुने फॅन ती गोष्ट सगळ्यात वरती ठेवतात. का? कारण त्या बदलाने गोष्टीला आधी नसलेला एक प्रश्न मिळाला, की पुढे लाखोंना मारणारी जात जन्मतानाच संपवायची संधी हातात आली तर ती घ्यावी का. टॉम बेकरचा डॉक्टर हातात दोन तारा धरून उभा राहतो आणि त्या जोडत नाही, तो सीन जुन्या हकीकतीत शक्यच नव्हता.

आणि ‘द डेडली असॅसिन’, १९७६, रॉबर्ट होम्स यांची. हे उदाहरण दादाला नक्की सांगा, भांडायला म्हणून नाही, त्याला ते आवडेल म्हणून. ‘द वॉर गेम्स’मध्ये टाइम लॉर्ड जवळजवळ देवासारखे दाखवले होते, थंड, सर्वशक्तिमान, ज्यांना डॉक्टरही घाबरतो. होम्स यांनी त्यांना खुर्च्यांसाठी भांडणारे, कारस्थानी म्हातारे करून टाकलं. तेव्हाच्या फॅन सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यावर फार कडक टीका लिहिली, सगळी जादूच घालवली असा त्यांचा सूर होता. आणि फक्त बारा वेळा रीजनरेट होता येतं हा नियम, जो तुमच्या दादाने वहीत बहुतेक लाल शाईने लिहिला असेल, तो याच नावडत्या गोष्टीतून आलेला आहे! १९७६ मध्ये जे कॅनन मोडणं होतं तेच पुढच्या पिढीचं कॅनन झालं. मग २०१३ च्या ख्रिसमसला तो बाराचा नियमही ओलांडला गेला, टाइम लॉर्डांनी डॉक्टरला नवीन फेरी देऊन टाकली. आणि ज्या पन्नाशीच्या स्पेशलला तुम्ही दोघं रडलात त्यात आठव्या आणि नवव्या डॉक्टरच्या मध्ये जॉन हर्ट यांचा एक अख्खा डॉक्टर घातला होता जो तोवर कुणाला माहीतच नव्हता, शिवाय २००५ पासून जळालं जळालं म्हणून सांगितलेलं गॅलिफ्रे वाचलेलं निघालं. ते दादाने मोजलं. आनंदाने मोजलं.

बाकी बारीकसारीक तर विचारूच नका. अटलांटिस तीन वेळा तीन वेगळ्या कारणांनी बुडालंय, १९६७, १९७१ आणि १९७२ मध्ये. डॉक्टरचा लष्करी मित्र ब्रिगेडियर याच्या गोष्टी नक्की कुठल्या दशकात घडतात यावर तर फॅन लोक चाळीस वर्षं भांडतायत, कारण १९७५ मध्ये डॉक्टरची सोबतीण सारा जेन म्हणते मी १९८० मधली आणि १९८३ च्या गोष्टीत ब्रिगेडियर १९७७ मध्ये रिटायर होऊन शाळेत शिकवत असतो. २००८ मध्ये लेखकांनी डॉक्टरच्याच तोंडी घातलं की मी ब्रिगेडियरच्या त्या लष्करी पथकात सत्तरच्या दशकात काम करायचो, का ऐंशीच्या? मला ते वाक्य फार आवडतं, त्यात फॅनबद्दल माया आहे.

शिवाय हेही लक्षात घ्या की तेव्हाच्या लिहिणाऱ्यांना आपण वही घेऊन बसू हे माहीतच नव्हतं. बीबीसीने टेपा पुसून परत वापरल्या, साठच्या दशकातले नव्वदहून जास्त एपिसोड त्यामुळे गेले. एकदा लागलं की संपलं, पुन्हा दिसेलच याची खात्री नाही. आपण आज दोन एपिसोड शेजारी शेजारी लावून जुळवतो, पण ते तसं जुळवायला बनवलेलेच नव्हते.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की चला, मी जिंकले. थांबा ताई. कारण "कॅनन वगैरे काही नसतं" हे तुमचं वाक्य बरोबर असूनही मला ते बोलायला नको होतं असं वाटतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं वही ठेवली, तीही तुमच्या सोबत, त्याला त्या वाक्यात काय ऐकू आलं असेल? की आपण दोघांनी मिळून जे केलं त्याला काही अर्थ नव्हता. तो अबोला सिरीजवरचा नव्हता. तो त्या वहीवरचा होता.

आणि नवऱ्याचं म्हणणं, की दादाला बाई डॉक्टर खटकते, ते तुमच्याच पत्राशी जुळत नाही. २०१८ चा सीझन त्याने आवडीने बघितला असं तुम्हीच लिहिलंय. त्या कारणाने चिडलेले लोक होते, भरपूर होते, त्यामुळे हा संशय पटकन येतो हे मला समजतं, पण तुमचा दादा ज्या एपिसोडला थांबला तिथे प्रश्न वेगळा होता, आणि तो प्रश्न खरा आहे. तो त्याला नीट मांडता येत नाहीये म्हणून तो "कॅनन नाही" एवढंच म्हणतो, असा माझा अंदाज आहे.

तो प्रश्न असा. आपल्याकडे घराण्याचे कुलवृत्तांत असतात, त्यात नवीन शाखा सापडली, मधलं एखादं नाव राहून गेलेलं मिळालं तर सगळ्यांना आनंदच होतो, पण मूळ पुरुषच बदलला तर सगळी पानं हलतात. २०१३ मध्ये मधलं नाव सापडलं होतं. २०२० मध्ये मूळ पुरुष हलला. हार्टनेल पहिला, हे १९८३ च्या स्पेशलमध्ये त्या पहिल्या डॉक्टरच्याच तोंडून आलेलं, आणि आता कळलं की त्याच्याही आधी कितीतरी होऊन गेले, डॉक्टर गॅलिफ्रेचा नाहीच, टेक्टून नावाच्या शास्त्रज्ञ बाईला सापडलेलं दुसऱ्या कुठल्यातरी विश्वातलं मूल, आणि रीजनरेशनच मुळी त्या मुलावर प्रयोग करून टाइम लॉर्डांनी मिळवलं. (याचंही एक बी जुनं आहे बरं का, १९७६ च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टरच्या आधीच्या चेहऱ्यांच्या पलीकडे आणखी आठ चेहरे दिसतात, ते तिथे काम करणाऱ्याच मंडळींचे, आणि निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांनी नंतर सांगितलं की आधीचे डॉक्टर सुचवायचा हेतू होता. २०२० मध्ये तेच चेहरे परत दाखवले.)

पण इतकंच असतं तर दादाने ते पचवलं असतं. मला वाटतं त्याला लागलं ते दुसरंच. १९७८ च्या ‘द रिबोस ऑपरेशन’मध्ये डॉक्टरबरोबर फिरणारी टाइम लॉर्ड रोमाना त्याला तोंडावर सांगते की तू दुसऱ्या प्रयत्नात ५१ टक्क्यांवर कसाबसा पास झालेला आहेस. आपल्यासारख्या मार्कांच्या देशात वाढलेल्या मुलाने हे ऐकलं की त्याला काय वाटत असेल विचार करा. अख्ख्या हुशार लोकांच्या ग्रहावरचा एक जेमतेम पास झालेला माणूस, टार्डिस हे जुनं बिघडलेलं कालयान चोरून पळाला, आणि फक्त वागण्याने मोठा झाला. जन्माने नाही. हा ज्याचा आधार असतो त्याला तुम्ही एक दिवस सांगता की नाही नाही, तो मुळातच सगळ्यांपेक्षा खास होता, त्याच्यापासूनच सगळे झाले. यात काहीतरी हरवतं, ताई. ते मान्य करा, दादासमोर मोठ्याने मान्य करा, कारण ते खरंच आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या एपिसोडची कल्पना मला वाईट वाटत नाही, सांगण्याची पद्धत वाईट वाटते. डॉक्टर अडकून पडलेली आणि सॅशा धवनचा मास्टर, म्हणजे डॉक्टरचा जुना शत्रू, तिला सगळं सांगतो, दाखवतो, समजावतो, ती ऐकते. एवढी मोठी गोष्ट तिने शोधून काढलीच नाही, तिला सांगण्यात आली. आणि पुढे २०२१ मध्ये त्या पुसलेल्या आठवणी साठवलेलं घड्याळ हातात आल्यावर ते तिने टार्डिसमध्ये दडवून ठेवलं, म्हणजे इतका गोंधळ करून हाती काय आलं असं दादासारख्याला वाटलं तर नवल नाही. ही तक्रार लिखाणाची आहे, जुळण्या-न जुळण्याची नाही, आणि या दोन तक्रारी वेगळ्या केल्या की बोलणं एकदम सोपं होतं, कारण लिखाणाबद्दल तुम्ही दोघं कदाचित एकमतच असाल.

पण दादा मार्च २०२० ला थांबला म्हणून त्याने पुढचं बघितलंच नाही, आणि पुढचं महत्त्वाचं आहे. २००५ मध्ये सिरीज पुन्हा सुरू करणारे रसेल टी. डेव्हिस परत आले तेव्हा त्यांना हे सगळं पुसून टाकणं सोपं होतं, निम्म्या फॅननी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी पुसलं नाही. २०२३ च्या ख्रिसमसला ‘द चर्च ऑन रूबी रोड’मध्ये शूटी गटवाचा डॉक्टर त्याच्या नव्या सोबतिणीला, रूबीला, सांगतो की मीही दत्तक आहे. रूबीला बाळ असताना चर्चच्या दारात ठेवून गेलेलं असतं. जे २०२० मध्ये लेक्चर होतं ते इथे दोन माणसांमधलं बोलणं झालं. आणि त्यानंतर, हे दादासाठी फार महत्त्वाचं, २०२४ च्या जूनमध्ये अख्खा सीझन रूबीची आई कोण, कुठली मोठी शक्ती, असं वाढवत नेऊन शेवटी कळतं की ती एक साधी पंधरा वर्षांची मुलगी होती, घाबरलेली, बाकी काही नाही. त्यावरही फॅन चिडले, एवढं करून साधीच निघाली म्हणून! मला तर तो ५१ टक्केवाल्या डॉक्टरला घातलेला नमस्कार वाटला. दादाला जे हरवलं असं वाटतं ते पुढे दुसऱ्या पात्रात परत आलेलं आहे, आणि ते त्याला माहीत नाही.

आता करायचं काय ते.

लेकीचं आधी, कारण ती थांबू शकत नाही. तिला "मामाचं चुकलं" असंही सांगू नका आणि "मामाला वाटतं ते पण बरोबर" असं गुळमुळीतही नको. तिला सरळ सांगा की ही गोष्ट साठ वर्षांहून जास्त काळ खूप जणांनी मिळून सांगितलेली आहे, मामाला तिचा जुना भाग आवडतो आणि नवा आवडत नाही, आणि न आवडणं वेगळं, खोटं असणं वेगळं. दहा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. ती विचारेल की मग पहिला डॉक्टर कोण, तर सांगा, आपल्याला सगळ्यात आधी दिसला तो हार्टनेल, त्याच्या आधीचे कुणालाच नीट माहीत नाहीत, डॉक्टरलासुद्धा नाहीत. आणि हो, "डॉक्टर पण दत्तक आहे" हे तिला का एवढं आवडलं ते तिला विचारलंत का? वर्गात कुणी असेल, किंवा काहीही असेल. पत्रात ते कुठेच नाही आणि मला ते वाचताना जाणवलं. ती मामाला एपिसोडची माहिती देत नव्हती, काहीतरी सांगत होती.

मग दादा. त्याला काही पटवून द्यायचं नाही असं आधी मनाशी ठरवा, नाहीतर वरची सगळी उदाहरणं तुम्ही त्याच्यावर दगडासारखी फेकाल आणि तो आणखी एक जुनं उदाहरण काढेल. त्याला विचारा, त्या दिवशी तुझं काय गेलं? आणि तो बोलेल तेवढं बोलू द्या, मध्ये "पण १९७५ मध्ये" नको. थांबायचा हक्क त्याला आहे. २०१७ च्या ख्रिसमसला संपलं असं मानून कुणी आनंदाने जगत असेल तर जगू द्यावं, कितीतरी फॅन असं एक स्वतःपुरतं शेवटचं पान ठरवून ठेवतात. जे त्याला करता येणार नाही ते एकच, दुसऱ्याच्या आवडत्या पानाला, त्यातही लहान मुलीच्या, खोटं म्हणणं. इथे तुम्ही ठाम राहा. विषय कॅननचा नाही, भाचीला रात्री पडलेल्या प्रश्नाचा आहे, एवढं म्हटलंत तरी तुमचा दादा, जेवढा तो पत्रातून मला कळला, स्वतःहून तिला फोन करेल.

विषय बंद करून टाकावा का, तर माझं उत्तर नाही. तुमच्या दोघांमध्ये फार थोड्या गोष्टी उरल्या असतील ज्या तुमच्या दोघांच्याच आहेत, लग्न, देश, वेळेचा फरक यातून. बंद केलात तर फोनवर आईच्या गोळ्या आणि हवामान उरेल. त्यापेक्षा जुनं बघा. ‘द डेडली असॅसिन’ चार भागांची आहे, भाग साधारण २५ मिनिटांचा, दर रविवारी एक, दादाकडे दुपार, तुमच्याकडे सकाळ. बघून झालं की फक्त एवढंच विचारायचं की १९७६ मध्ये तू सोळा वर्षांचा असतास तर वही बंद केली असतीस का. उत्तर "हो" आलं तरी हरकत नाही, निदान बोलणं सुरू झालं. नवं बघायचा आग्रह तुम्ही करू नका, तो लेकीने केला तर करू दे.

तिला एक वही घेऊन द्या. तिची, २०२३ पासूनची. जुन्याचं काही अडलं तर मामाला विचारायचं, आणि नव्याचं मामाला काही हवं असेल तर त्याने तिला विचारायचं. सध्या तर तिच्याकडे सांगायला भरपूर आहे, मे २०२५ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये गटवाचा डॉक्टर बदलून समोर बिली पायपर आली, म्हणजे २००५ मधली डॉक्टरची सोबतीण रोज टायलर झालेली नटी, जिच्यापासून तुम्ही दोघांनी बघायला सुरुवात केलीत. त्यावरून काय काय वाद होतील ते होऊ दे.

असेच वाद मित्रांमध्ये, नवरा-बायकोत चालू असलेल्या बाकीच्यांनी पण पत्रं पाठवली आहेत, वेगवेगळ्या सिरीजची नावं घेऊन, त्यांनाही एवढंच सुचवेन की वाद सुरू झाला की आधी ठरवून घ्या आपण कशावर बोलतोय. हे आधीच्याशी जुळतं का, हे नीट सांगितलंय का, आणि हे मला आवडलं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक भांडणात एक जण पहिल्यावर बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्यावर. पहिल्याचं उत्तर शोधता येतं, दुसऱ्यावर मजेत रात्र काढता येते, तिसऱ्यावर कुणी कुणाला हरवू शकत नाही.

ताई, दादाला पहिला फोन तुम्ही एकटीने करा, लेक शाळेत असताना, आणि व्हिडिओ न लावता. तो तुमच्याशी एकट्याशी जसा बोलेल तसा स्क्रीनवर सगळ्यांसमोर बोलणार नाही.